विश्लेषण : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी ताट आणि तांब्या का बदलावा लागतो?

वजन घटवण्याच्या म्हणजेच बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेची तारीख ठरली की अनेक घरांत पहिला विचार एकच येतो. पुढे खाता येणार नाही, तर आताच मनसोक्त खाऊन घेऊ. कुणी वरण-बट्टीचा बेत करते, कुणी शेवभाजीची फर्माईश करते, तर कुणी मित्रांसोबत शेवटची ‘बैठक’ जमवते. नेमक्या याच दोन-तीन आठवड्यांत रुग्णाचे यकृत आक्रसणे गरजेचे असते. ते आक्रसले नाही तर शस्त्रक्रिया अवघड होते आणि प्रसंगी पुढेही ढकलावी लागते. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होत असली तरी तिची तयारी वरणगाव, भुसावळ, बोदवडच्या घरातल्या स्वयंपाकघरातच होते. ही तयारी नेमकी कशासाठी असते, ती कशी करायची आणि तिच्याविषयी कोणते गैरसमज आहेत, याचा आढावा.

विषय आता चर्चेत का?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २३ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय मांडला आणि घरातील खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्याआधी जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, लठ्ठपणाचे २८.६ टक्के आणि पोटाच्या घेराशी निगडित लठ्ठपणाचे ३९.५ टक्के होते. २०२५ मध्ये मार्च महिन्यात ‘मौंजारो’ आणि जूनमध्ये ‘वेगोवी’ ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. त्यामुळे औषध, आहार आणि शस्त्रक्रिया या तिन्ही पर्यायांची तुलना गावागावांत होऊ लागली.

महाराष्ट्राला ही शस्त्रक्रिया नवी नाही. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना २०११ मध्ये त्यांच्यावर मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली. अरुण जेटली यांच्यावर २०१४ मध्ये दिल्लीत झाली. मात्र या विषयाने घराघरांत प्रवेश केला तो २०१७ मध्ये, इमान अहमद या इजिप्शियन महिलेमुळे.

इमान अहमद प्रकरणातून काय दिसले?

सुमारे ५०० किलो वजन असल्याचे सांगितल्या गेलेल्या इमान यांना ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मालवाहू विमानाने मुंबईत आणून सैफी रुग्णालयात दाखल करण्यात आले. डॉ. मुफझल लकडावाला यांच्या पथकाने त्यांच्यावर ७ मार्च रोजी ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ केली. मधले सुमारे साडेतीन आठवडे तयारीत गेले. या काळात त्यांना नियंत्रित द्रव आहार आणि फिजिओथेरपी देण्यात आली. शस्त्रक्रियेपूर्वीच त्यांचे वजन सुमारे १०० किलोंनी कमी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते.

पुढे वजनाच्या आकड्यांवरून नातेवाईक आणि डॉक्टरांमध्ये जाहीर वाद झाला. मे महिन्यात इमान यांना अबुधाबीला हलवण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची प्रकृती अपवादात्मक गुंतागुंतीची होती, त्यामुळे त्यावरून सर्वसामान्य रुग्णाविषयी अंदाज बांधणे योग्य नाही. तरी एक बाब साऱ्या देशाने पाहिली. एवढ्या तातडीच्या रुग्णालाही थेट शस्त्रक्रियागृहात नेले गेले नाही. आधी आहार बदलला, मग शस्त्रक्रिया झाली. हाच क्रम १२० किलो वजनाच्या सामान्य रुग्णालाही लागू होतो.

यकृताचा इथे काय संबंध?

शस्त्रक्रिया जठरावर होते, पण जठराच्या वरच्या भागावर यकृताचा डावा भाग पसरलेला असतो. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करताना तो उचलून धरावा लागतो, तेव्हाच जठर नीट दिसते. लठ्ठपणा असलेल्या बहुतेक रुग्णांच्या यकृतात चरबी साठलेली असते. असे यकृत मोठे, जड आणि नाजूक होते. उचलताना त्याला इजा होऊ शकते आणि रक्तस्राव होऊ शकतो. जागाच मिळाली नाही तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया सोडून पोट उघडण्याची वेळ येऊ शकते.

यकृत लवकर फुगते, पण सुदैवाने लवकर आक्रसतेही. शरीर यकृतात साखरेचा साठा ‘ग्लायकोजेन’च्या रूपात ठेवते आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. पोळी, भात, साखर, बटाटा हे पदार्थ कमी केले की काही दिवसांतच हा साठा रिकामा होऊ लागतो आणि पाणीही निघून जाते. त्यापाठोपाठ यकृतातील चरबी वापरली जाऊ लागते.

ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२ रुग्णांना १२ आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार देण्यात आला. त्यांच्या यकृताचे आकारमान सरासरी १८.७ टक्क्यांनी घटले आणि त्यातील सुमारे ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. म्हणूनच बहुतेक रुग्णालये हा आहार दोन ते चार आठवड्यांचा ठेवतात. या हिशेबाने शेवटच्या आठवड्यातील ‘मनसोक्त’ जेवणे सर्वात महागात पडतात. दोन-तीन दिवसांच्या बट्टी-पुरणपोळीने ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरतो आणि आधीच्या मेहनतीचा मोठा भाग वाया जातो.

बारीक दिसणाऱ्यांनाही हे लागू आहे का?

हो, आणि त्यामागचे संशोधन पुण्यातले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) सारखाच, म्हणजे २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजन-उंचीचे गुणोत्तर तेच असूनही भारतीय शरीरात चरबी अधिक असू शकते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

याच कारणाने आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचे निकष खाली आणले गेले. अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय बॅरिॲट्रिक संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ किंवा त्याहून अधिक बीएमआय असलेल्यांना, इतर आजार नसले तरी, शस्त्रक्रियेची शिफारस करता येते. आशियाई लोकांसाठी २७.५ पासून तिचा पर्याय विचारात घेण्यास त्या सांगतात. थोडक्यात, ‘मी काही तेवढा जाड नाही, मला कशाला हा आहार’ हा युक्तिवाद टिकत नाही. पोट सुटलेले असेल आणि मधुमेह असेल तर यकृतात चरबी असण्याची शक्यता अधिक असते.

मग ताटात नेमके काय बदलायचे?

तयारीचे दोन टप्पे करणे सोयीचे. पहिला टप्पा सवयींचा. तो शस्त्रक्रियेचा विचार पक्का होताच, शक्य असेल तर दोन-तीन महिने आधी सुरू करावा. दुसरा टप्पा यकृत आक्रसवणाऱ्या काटेकोर आहाराचा. तो रुग्णालय सांगेल त्या तारखेपासून, साधारण शेवटचे दोन ते चार आठवडे पाळायचा असतो. त्यात दिवसाचे उष्मांक बहुधा ८०० ते १२०० पर्यंत खाली आणले जातात, कर्बोदके आणि चरबी कमी होतात आणि प्रथिने मात्र टिकवली जातात.

प्रथिने टिकवण्याला कारण आहे. नुसतेच खाणे कमी केले तर शरीर चरबीसोबत स्नायूही वापरते. त्यामुळे अशक्तपणा येतो आणि जखम भरायला वेळ लागू शकतो. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनांचे लक्ष्य दिले जाते. ते घरच्या मापात असे मोजता येईल. पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळीचे वरवरचे पाणी मात्र या हिशेबात जवळपास शून्य धरावे. ‘दाळीचे पाणी पितो’ म्हणणाऱ्या रुग्णाच्या पोटात प्रथिने फारशी जातच नाहीत.

खान्देशच्या ताटात या आहाराला उपयोगी पडतील असे पदार्थ कमी नाहीत. भिजवलेली डाळ वाटून वाफवलेले फुनके, पातळ ताकाची कढी, तेल मोजून केलेले वांग्याचे भरीत, मेथी-पालकाची भाजी हे सारे आहारतज्ज्ञाशी बोलून पहिल्या टप्प्यात नक्कीच बसवता येते. उडीद घातलेली कळण्याची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा प्रथिनांच्या बाबतीत उजवी ठरते, पण तीही एकच, मोजून. अडचण पदार्थांची कमी आणि वरून पडणाऱ्या तेला-तुपाची जास्त असते. बट्टी तुपात बुडते, शेवभाजीवर तर्री तरंगते आणि भरितात शेंगदाणे, खोबरे व तेलाची धार पडते. एका चमचा तेलात साधारण ४५ उष्मांक असतात. दिवसाचा कोटाच हजाराचा असेल तर चार चमचे तेल त्याचा जवळपास पाचवा हिस्सा खाऊन टाकते.

केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केळे हे चांगले फळ आहे, पण १०० ग्रॅम गरात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके असतात. काटेकोर टप्प्यात ‘फळच तर आहे’ म्हणून खाल्लेली दोन-तीन केळी सगळा हिशेब बिघडवू शकतात.

उपासाची सवय आहे, मग अडचण काय?

हा सर्वात मोठा गैरसमज म्हणावा लागेल. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र करणाऱ्यांना वाटते की न खाण्याचा सराव आपल्याला आहेच. मात्र आपल्या उपासाच्या ताटात साबुदाणा, भगर, बटाटा, रताळे आणि साखर असते. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. यकृताचा साखरेचा साठा रिकामा करायचा असताना उपासाचे ताट तोच साठा भरते. निर्जळी उपासात प्रथिनेही मिळत नाहीत आणि पाणीही नाही. तयारीच्या काळात सणवार आले तर उपास करायचा की नाही, हे रुग्णालयाला आधी विचारून घ्यावे.

दुसरा गोंधळ डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेल्या, दिवसातून दोनदा आणि ५५ मिनिटांत जेवण्याच्या पद्धतीविषयी होतो. ती पद्धत योग्य की अयोग्य हा येथे मुद्दा नाही. मुद्दा इतकाच की शस्त्रक्रियेनंतरचे वेळापत्रक तिच्या उलट असते. ‘स्लीव्ह’नंतर जठराची क्षमता साधारण १०० ते १५० मिलिलिटर राहते, तर ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये बनवलेली पिशवी सुमारे ३० मिलिलिटरची असते. दोन मोठी जेवणे त्यात मावतच नाहीत. थोडे-थोडे, पाच-सहा वेळा खावे लागते. दोनदाच जेवण्याची सवय पक्की झालेल्यांनी ती आधीच बदलायला हवी.

पिण्याच्या सवयी इतक्या महत्त्वाच्या का?

ताटाकडे सगळ्यांचे लक्ष असते, तांब्याकडे कमी. भुसावळ-जळगाव पट्टा राज्यातील सर्वात तापणाऱ्या भागांपैकी एक आहे आणि उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हातून आल्यावर तांब्या तोंडाला लावून घटाघट पाणी पिणे ही इथली साधी सवय. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे तरी असे पिणे शक्य नसते. घोट-घोट करत दिवसभरात दीड ते दोन लिटर पूर्ण करावे लागतात. ते जमले नाही की शरीरातील पाणी कमी होते. या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा रुग्णालयात यावे लागण्याच्या प्रमुख कारणांत पाणी कमी पडणे हे एक आहे.

म्हणून सराव आधी हवा. बाटली जवळ ठेवून दर काही मिनिटांनी एक-दोन घोट घ्यायचे. जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी टाळायचे आणि जेवताना तर नाहीच. लहान झालेल्या जठरात पाण्याने जागा अडली तर अन्न जात नाही, किंवा अन्न लवकर पुढे ढकलले जाऊन पोट भरल्याची भावना टिकत नाही. घास बारीक, चावणे भरपूर आणि एका जेवणाला २० ते ३० मिनिटे. कारखान्यात पाळीत काम करणाऱ्याला डब्यासाठी इतका निवांत वेळ मिळणे कठीण असते. अशा वेळी डबा दोन भागांत विभागून दोन सुट्ट्यांत खाणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

मग येतो चहा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली आणि दिवसाला पाच कप झाले तर दहा चमचे साखर, म्हणजे साधारण ४० ते ५० ग्रॅम आणि १६० ते २०० उष्मांक, ‘काही खाल्ले नाही’ म्हणत पोटात जातात. उसाचा रस, लस्सी, सरबत, थंड पेये यांचाही हाच हिशेब. साखर बंद करणे आणि चहाचे कप कमी करणे ही पहिल्या दिवसापासून करायची गोष्ट. जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण कमी करतो, तेव्हा हिमोग्लोबिन कमी असलेल्या महिलांनी ही वेळ विशेष पाळावी. सोडा आणि फसफसणारी पेये शस्त्रक्रियेनंतर टाळायलाच सांगतात.

दारू आणि तंबाखूचे काय?

दारूत उष्मांक आहेतच, शिवाय तिचा थेट भार यकृतावर पडतो. तयारीच्या काळात ती पूर्ण बंद असावी. शस्त्रक्रियेनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेत सुमारे दोन हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के रुग्णांमध्ये दारूशी निगडित विकार होता. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ९.६ टक्क्यांवर गेले होते. पिण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांपासून लपवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

विडी-सिगारेट किमान सहा आठवडे आधी सोडण्यास सांगितले जाते. त्यामुळे भूल देताना फुप्फुसांचा धोका कमी होतो आणि जखम नीट भरते. बायपासनंतर धूम्रपान सुरू राहिले तर जोडाच्या जागी व्रण होण्याची शक्यता वाढते. ‘मी ओढत नाही, फक्त मळून खातो’ असे म्हणणाऱ्यांनीही डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. निकोटिन दोन्हीतही असते.

मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर?

या संपूर्ण तयारीतील सर्वात गंभीर धोका येथे आहे. खाणे अचानक निम्म्याहून कमी झाले आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या जुन्याच मात्रेत सुरू राहिल्या तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी आहार बाजूला ठेवून तत्काळ साखर किंवा ग्लुकोज घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. काटेकोर आहार ज्या दिवशी सुरू होतो, त्याच दिवसापासून औषधांची नवी मात्रा लिहून घेतलेली असली पाहिजे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. कमी कर्बोदकांच्या आहारात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढण्याची गंभीर स्थिती येऊ शकते, तीही साखर फारशी वाढलेली नसताना. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी त्या थांबवण्याची शिफारस आहे आणि कमी कर्बोदकांचा आहार लवकर सुरू होणार असेल तर त्याआधीच विचारणा करावी. वजन घटवणारी इंजेक्शने घेत असल्यास भूलतज्ज्ञाला सांगणे अत्यावश्यक आहे. त्यांच्यामुळे जठर हळू रिकामे होते आणि भुलेच्या वेळी अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही फेरआढावा घ्यावा लागतो. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाणही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी चहा चालतो का?

दुधाचा चहा चालत नाही. आपल्याकडे ‘पाणीसुद्धा प्यायलो नाही, फक्त घोटभर चहा घेतला’ असे सहज म्हटले जाते. मात्र भूलशास्त्राच्या नियमांत दूध हे अन्नात मोडते. सर्वसाधारण नियमानुसार घन अन्न आणि दूध किमान सहा तास आधी आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधी बंद करायचे असते. जड, तेलकट जेवणाला याहून अधिक वेळ लागतो. रुग्णालयाची सूचना याहून कडक असेल तर तीच पाळायची. रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन सकाळी दाखल होणाऱ्यांनी प्रवासात काय खायचे-प्यायचे, हे निघण्यापूर्वी तासांसह लिहून घ्यावे. स्टेशनवरचा एक कप चहा दिवस वाया घालवू शकतो.

आधी वजन कमी करणे ही अट आहे का?

येथे तज्ज्ञांतही मतभेद आहेत आणि रुग्णांनी दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एक, यकृत आक्रसवण्यासाठीचा दोन-चार आठवड्यांचा आहार. त्याला वैद्यकीय आधार आहे. सुमारे ३०० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन आठवडे असा आहार घेतलेल्यांच्या शस्त्रक्रियेचा वेळ कमी झाला नाही. मात्र शल्यचिकित्सकांना ती कमी अवघड वाटली आणि पुढील ३० दिवसांतील गुंतागुंतही कमी आढळली.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘आधी अमुक किलो कमी करून दाखवा, मगच शस्त्रक्रिया’ अशी परीक्षा. विम्याच्या मंजुरीसाठी घातल्या जाणाऱ्या अशा सक्तीला पुराव्याचा आधार नसल्याची भूमिका २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी घेतली आहे. भारतात विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला, वय किमान १८ वर्षे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असणे आवश्यक आहे. अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार असल्यास ही मर्यादा ३५ आहे. वजन कमी करण्याचे इतर उपाय अपयशी ठरलेले असणेही त्यात अपेक्षित आहे. म्हणजे वैद्यकीय सूचना २७.५ पासून विचार करायला सांगतात आणि विमा ३५-४० वर अडतो. या तफावतीचा भार रुग्णाच्या खिशावर पडतो. यासाठी आधीच्या आहार-उपचारांची कागदपत्रे जपून ठेवणे उपयोगी ठरते.

पथ्य मोडले तर?

लग्नाचे जेवण झाले, आखाजीला पुरणपोळी खाल्ली गेली, पाहुण्यांच्या आग्रहाला नाही म्हणता आले नाही. असे होऊ शकते. ‘तोंडावर ताबा असता तर ही वेळच आली नसती’ असे घरातलेच बोलतात आणि मग रुग्ण आहारतज्ज्ञापासूनही गोष्टी लपवू लागतो. वैद्यकीयदृष्ट्या लपवणे हे पथ्य मोडण्यापेक्षा अधिक घातक आहे. एका जेवणाने शस्त्रक्रिया रद्द होत नाही, पण आठवडाभर पथ्य मोडल्याचे डॉक्टरांना माहीत असेल तर ते तारीख पुढे नेऊ शकतात. माहीत नसेल तर ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळते.

येथे घराची भूमिका मोठी आहे. बहुतेक घरांत स्वयंपाक एकच होतो आणि रुग्ण स्वतःच स्वयंपाक करणारी बाई असेल तर तिने सगळ्यांसाठी बट्ट्या तळायच्या आणि स्वतः ताक प्यायचे, अशी अपेक्षा असते. दोन-चार आठवडे घरभर तेल-साखर कमी केली तर तिचे पथ्य टिकते आणि इतरांचेही नुकसान होत नाही.

तारीख घेण्याआधी काय विचारावे?

वरणगावसारख्या ठिकाणाहून जाणाऱ्या रुग्णासाठी शस्त्रक्रियेचे पथक शेकडो किलोमीटर दूर असते. म्हणून पुढील गोष्टी पहिल्याच भेटीत लेखी मिळवाव्यात.

• काटेकोर आहार कोणत्या तारखेपासून, किती उष्मांकांचा आणि किती ग्रॅम प्रथिनांचा? तक्त्यात ओट्स, ब्रोकोली असेल तर त्याऐवजी घरात मिळणारे काय चालेल?

• मधुमेह, रक्तदाबाच्या प्रत्येक औषधाची त्या काळातील मात्रा किती? साखर किती खाली गेल्यास फोन करायचा आणि कोणाला?

• हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइडच्या तपासण्या झाल्या का? शाकाहारी रुग्णांनी बी-१२ आवर्जून पाहून घ्यावे.

• आहारतज्ज्ञ फोनवर किंवा व्हिडीओ कॉलवर मराठीतून बोलू शकतील का?

• घराजवळचा कोणता डॉक्टर या काळात लक्ष ठेवेल आणि त्याच्याकडे कागदपत्रे पोहोचली आहेत का?

शस्त्रक्रियेनंतर आधी द्रव, मग दळलेले, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न असा क्रम असतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या तर आयुष्यभर घ्याव्या लागतात. घोट-घोट पाणी, सावकाश जेवण आणि मोजलेले तेल या गोष्टी आधीच अंगवळणी पडल्या असतील तर हे पुढचे महिने सोपे जातात. यातील कोणताही आहार केवळ लेख वाचून सुरू करू नये, आपल्या डॉक्टरांशी बोलूनच तो ठरवावा.